काळ्या साक्यातला जांभळा: विल्यम पर्किन आणि रंगीत रेणूंची गोष्ट

हा लेख तुम्ही मोबाईलवर वाचत असाल आणि त्याचा स्क्रीन ओएलईडी असेल, तर आत्ता तुमच्या डोळ्यांत येणारा प्रकाश थेट कार्बनच्या रेणूंमधून निघतोय. ओएलईडीमधला पहिला ओ म्हणजे ऑरगॅनिक. भाजीच्या गाडीवरचं 'ऑरगॅनिक' वेगळं. इथे त्याचा अर्थ कार्बनच्या सांगाड्यावर बांधलेला रेणू एवढाच.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्री होती. तिचं जर्नल मी मित्राचं बघून उतरवलं होतं आणि केटी लागली नाही यातच समाधान मानलं होतं. मध्यंतरी नवा फोन घेतला तेव्हा प्रश्न पडला की रेणू रंग देतो म्हणजे नेमकं काय करतो? शोधत मागे मागे गेलो आणि थेट १८५६ सालच्या लंडनमध्ये पोहोचलो, एका अठरा वर्षांच्या मुलाच्या घरातल्या प्रयोगशाळेत. त्याचं नाव विल्यम हेन्री पर्किन.

ही त्याची गोष्ट. वाचता वाचता रंगाचं विज्ञानही समजून घेऊ.

डबा न खाता तासाला बसणारा मुलगा

पर्किनचा जन्म १२ मार्च १८३८ चा, पूर्व लंडनमधला. वडील जॉर्ज पर्किन बांधकामाच्या व्यवसायात होते. सात भावंडांत विल्यम सगळ्यात धाकटा. मुलानं आर्किटेक्ट व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. आपल्याकडे मुलानं इंजिनिअर व्हावं असं घरात ठरलेलं असतं, तसंच काहीसं.

सिटी ऑफ लंडन स्कूलमध्ये तेव्हा रसायनशास्त्र हा मुख्य विषय नव्हता. थॉमस हॉल नावाचे शिक्षक जेवणाच्या सुट्टीत त्यावर व्याख्यानं द्यायचे. पर्किन जेवण सोडून तिथे जाऊन बसायचा. त्याची ओढ बघून हॉल यांनी त्याला मायकेल फॅरेडे यांना पत्र लिहायला सांगितलं, आणि त्या थोर शास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकायची परवानगी या शाळकरी पोराला मिळाली. फॅरेडेंचं नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

१८५३ मध्ये, पंधराव्या वर्षी, पर्किन रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत दाखल झाला. वडील मनातून खूश नव्हते, पण त्यांनी अडवलं नाही. तिथले प्रमुख होते ऑगस्ट विल्हेल्म होफमन. हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ डांबरातून निघणाऱ्या पदार्थांचे जाणकार. दगडी कोळशापासून दिवाबत्तीचा गॅस बनवताना जो काळा, चिकट, दुर्गंधी कोलटार उरायचा, त्यात त्यांना खजिना दिसत होता. बेंझिन, अनिलीन, नॅफ्थलीन हे सगळे त्यातलेच. आपल्या कपाटातली पांढरी डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन, आणि तिच्या नावात डांबर आहे ते उगाच नाही.

अक्षरं तीच, शब्द वेगळा

त्या काळात मलेरियावर एकच भरवशाचं औषध होतं, क्विनीन. ते सिंकोनाच्या सालीतून मिळायचं आणि महाग होतं. भारतासारख्या उष्ण मुलखात फौजा ठेवणाऱ्या ब्रिटिशांना ते भरपूर हवं होतं. ते प्रयोगशाळेत बनवता येईल का, हा होफमन यांच्या मनातला प्रश्न पर्किननं उचलला.

त्याची युक्ती बघा. क्विनीनच्या रेणूत कार्बनचे २०, हायड्रोजनचे २४, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. अलाइल टोल्युइडीन नावाच्या पदार्थात कार्बन १०, हायड्रोजन १३ आणि नायट्रोजन १. मग दोन रेणू घ्यायचे, ऑक्सिजनचे तीन अणू द्यायचे, पाण्याचा एक रेणू बाहेर काढायचा. बेरीज बरोबर जमते. तुम्हीही कागदावर करून बघा.

पण ही बेरीज फक्त अक्षरं मोजते. 'नदी' आणि 'दीन' या दोन्ही शब्दांत 'न' आणि 'दी' हीच अक्षरं आहेत, अर्थाचा मात्र एकमेकांशी संबंध नाही. रेणूचं तसंच असतं. कोणता अणू कोणाला जोडलाय यावर सगळं ठरतं, आणि १८५६ मध्ये हे नीट कोणालाच माहीत नव्हतं. बेंझिनच्या कड्याची कल्पना केकुलेनं मांडली तीसुद्धा १८६५ मध्ये. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सांगायचं तर पर्किनकडे फाईलची साईज होती, आतला डेटा नव्हता.

१८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत त्यानं घराच्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या प्रयोगशाळेत हा प्रयोग केला. ऑक्सिजन देण्यासाठी पोटॅशियम डायक्रोमेट वापरलं. क्विनीन पांढरं असतं, हाती आला तो तांबूस तपकिरी साका. प्रयोग फसला.

इथे बहुतेकांनी भांडं विसळून ठेवलं असतं. पर्किननं विचार केला की हीच क्रिया एखाद्या साध्या पदार्थावर करून बघू, म्हणजे काय होतंय ते तरी कळेल. त्यानं अनिलीन घेतलं. या वेळी पूर्ण काळा साका मिळाला. तो वाळवून अल्कोहोलमध्ये टाकला आणि अल्कोहोल जांभळं झालं.

त्यानं त्यात रेशमाचं कापड बुडवलं. रंग बसला. धुतलं, गेला नाही. उन्हात ठेवलं, तरी सहजासहजी विटला नाही.

जांभळा का दिसतो?

आता थोडा वेळ पर्किनला त्याच्या माडीवर सोडू आणि रेणूच्या आत जाऊ.

कार्बनचे अणू एकमेकांना एकेरी किंवा दुहेरी बंधानं जोडलेले असतात. एक एकेरी, एक दुहेरी, पुन्हा एकेरी, पुन्हा दुहेरी, अशी आलटून पालटून साखळी बनली की तिला कॉन्जुगेशन म्हणतात. अशा रेणूत दुहेरी बंधातले काही इलेक्ट्रॉन दोन अणूंमध्ये अडकून राहत नाहीत, ते अख्ख्या साखळीवर पसरतात. चाळीत सगळ्या खोल्यांची दारं एका लांब गॅलरीत उघडतात आणि पोरं या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत असतात, तसं.

याचा रंगाशी संबंध काय? तानपुरा आठवा. तारेची लांबी वाढली की स्वर खाली येतो. इलेक्ट्रॉनचंही साधारण तसंच आहे. त्याला पसरायला जितकी जास्त जागा, तितकी खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर चढायला कमी ऊर्जा लागते. ही ऊर्जा तो प्रकाशातून घेतो. जो प्रकाश घेतला तो आपल्यापर्यंत येत नाही, आणि उरलेला रंग आपल्याला दिसतो.

कड्या एका ओळीत वाढवत गेलं की हे अगदी स्पष्ट दिसतं:

- बेंझिन, एक कडं: साधारण २५५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतं. तो आपल्याला दिसतच नाही, म्हणून बेंझिन रंगहीन.
- नॅफ्थलीन, दोन कडी: आपली पांढरी डांबरगोळी.
- अँथ्रासीन, तीन कडी: अजूनही जवळपास रंगहीन, पण शोषण दृश्य प्रकाशाच्या उंबरठ्यावर आलेलं.
- टेट्रासीन, चार कडी: नारिंगी.
- पेंटासीन, पाच कडी: गडद निळं.

कडी वाढवणं हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग म्हणजे साखळीला नायट्रोजन किंवा ऑक्सिजनचे असे गट जोडायचे, जे आपले इलेक्ट्रॉन त्या गॅलरीत सोडतात. पर्किनच्या रेणूत या दोन्ही गोष्टी आहेत. मध्ये तीन जोडलेली कडी, त्यात नायट्रोजन, बाजूला आणखी कडी आणि अमिनो गट. त्यामुळे शोषण सरकत सरकत साधारण ५५० नॅनोमीटरवर येतं, म्हणजे हिरव्या-पिवळ्या भागात. पांढऱ्या प्रकाशातून तो भाग काढला की उरतात निळा आणि लाल. दोन्ही मिळून जांभळा.

पर्किनला यातलं काहीही माहीत नव्हतं. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये. रंग आणि रेणूची रचना यांचा संबंध जोडणारा पहिला ठळक सिद्धांत ओटो विट यानं मांडला १८७६ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी.

गंमत आणखी एक आहे. क्विनीनमध्येसुद्धा कॉन्जुगेशन असलेला भाग आहे. तो अतिनील प्रकाश शोषतो आणि निळा प्रकाश बाहेर टाकतो. टॉनिक वॉटरची बाटली अतिनील दिव्याखाली धरली तर ती निळी चमकते ती यामुळेच. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनीनच्या याच गुणाचा अभ्यास करून या प्रकाराला फ्लुओरेसन्स हे नाव दिलं. म्हणजे पर्किन ज्या रेणूच्या मागे होता तो आणि जो हाती लागला तो, दोघेही प्रकाशाशी एकाच कारणानं खेळणारे.

वडिलांची पुंजी

रंग सापडला, पण पर्किनचं आयुष्य पणाला लागलं ते यानंतर.

कॉलेजमधला मित्र आर्थर चर्च यानं पेटंट घ्यायला सुचवलं. पर्किननं रंगवलेल्या रेशमाचा नमुना स्कॉटलंडमधल्या पर्थ इथल्या पुलर या मोठ्या रंगारी कंपनीला पाठवला. कापड फार महाग होणार नसेल तर शोध मोलाचा आहे, असं उत्तर आलं. ऑगस्ट १८५६ मध्ये पेटंट दाखल झालं. इतक्या लहान वयात पेटंट मिळतं का, याचाही आधी कायदेशीर सल्ला घ्यावा लागला होता.

मग त्यानं कॉलेज सोडायचं ठरवलं. होफमन यांना हे पटलं नाही. धंद्यात पडलेला माणूस संशोधनाकडे परत येत नाही, ही भीती पर्किनला स्वतःलाही होती. पैसा उभा केला वडिलांनी. मुलाच्या केमिस्ट्रीवर नाराज असलेल्या त्या माणसानं आपली जवळजवळ सगळी पुंजी कारखान्यात घातली. थोरला भाऊ थॉमसही सोबत आला. या तिघांपैकी एकानंही आधी रासायनिक कारखाना चालवलेला नव्हता.

१८५७ च्या जूनमध्ये लंडनजवळ ग्रीनफर्डला कालव्याच्या काठी बांधकाम सुरू झालं. आपल्या भाषेत सांगायचं तर डेमो लॅपटॉपवर चालला होता, आता प्रॉडक्शन उभं करायचं होतं, आणि ते करण्याची साधनंच बाजारात नव्हती. अनिलीन कुणी मोठ्या प्रमाणावर बनवत नव्हतं. आधी कोलटारमधलं बेंझिन, त्याचं नायट्रोबेंझिन, त्याचं अनिलीन, मग रंग, ही सगळी साखळी स्वतः उभारावी लागली. लागेल तेवढं तीव्र नायट्रिक आम्ल मिळेना, म्हणून त्यानं चिलीहून येणारं सोडियम नायट्रेट आणि गंधकाम्ल वापरलं. ही क्रिया प्रचंड तापते आणि हाताबाहेर गेली तर स्फोट होतो. त्यासाठी ओतीव लोखंडाची भांडी बनवून घेतली.

सुती कापडावर तर रंग बसेचना. त्यासाठी टॅनिन वापरून रंग धरून ठेवायची पद्धत शोधली, मग गिरण्यांमध्ये फिरून रंगाऱ्यांना ती शिकवली. स्वतःच संशोधक, स्वतःच कारखानदार, स्वतःच कस्टमर सपोर्ट.

१८५७ च्या डिसेंबरात लंडनच्या रेशीम रंगाऱ्याकडे माल पोहोचला. वेळही साधली गेली. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिच्यामुळे जांभळ्याची फॅशन सुरूच होती, आणि जानेवारी १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरिया मुलीच्या लग्नात त्याच छटेच्या पोशाखात दिसली. बाजारात रंगाला फ्रेंच नाव चिकटलं, मॉव्ह. फ्रान्समध्ये मात्र पेटंट मिळालं नाही, तिथले कारखानदार तो मोकळेपणानं बनवू लागले. तरीही पर्किनचं कुटुंब तरलं आणि पुढे श्रीमंत झालं.

एका दिवसाचा फरक, आणि शेतांची किंमत

पुढचा मोठा रंग होता अलिझरीन, म्हणजे मॅडरच्या मुळातला लाल. मॅडर ही आपल्या मंजिष्ठेच्या कुळातली वनस्पती. युरोपात तिची मोठी शेती होती. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी अँथ्रासीनपासून अलिझरीन बनवून दाखवलं. वर आपण पाहिलं की अँथ्रासीन जवळपास रंगहीन. त्याच सांगाड्याला ऑक्सिजनचे गट योग्य जागी जोडले की तो रंग होतो.

त्यांची पहिली पद्धत महागडी होती. पर्किननं स्वस्त पद्धत शोधली आणि २६ जून १८६९ ला पेटंट दाखल केलं. त्याच पद्धतीचं जर्मनांचं पेटंट २५ जूनला दाखल झालं होतं. एक दिवस! शेवटी समझोता झाला, ब्रिटनची बाजारपेठ पर्किनकडे राहिली. १८७० मध्ये त्याच्या कारखान्यातून ४० टन अलिझरीन निघालं, १८७३ मध्ये ४३५ टन.

या आकड्यांची दुसरी बाजूही आहे. मॅडरची शेती काही वर्षांत कोसळली. पुढे १८९७ मध्ये जर्मन कंपनीनं कृत्रिम नीळ बाजारात आणली, तेव्हा तीच पाळी भारतातल्या निळीवर आली. चंपारणच्या शेतकऱ्यांची गोष्ट आपण शाळेत वाचतो, तिच्यामागे बाजारातली ही घसरणही होती. रेणू बनवणारा आणि त्याची किंमत मोजणारा, हे बहुधा वेगवेगळे असतात.

छत्तिशीत परत प्रयोगशाळेत

१८७४ मध्ये पर्किननं कारखाना विकला. वय छत्तीस. होफमन यांची आणि स्वतःची भीती त्यानं खोटी ठरवली आणि उरलेलं आयुष्य संशोधनात घालवलं. खरं तर कारखाना चालवतानाही प्रयोग थांबले नव्हतेच. १८६८ मध्ये त्यानं कुमरिन बनवलं होतं. ताज्या कापलेल्या गवताला जो गोड वास येतो, तो या पदार्थाचा. ज्या पद्धतीनं ते बनवलं ती आज पर्किन अभिक्रिया म्हणून शिकवतात. तिनं सिनॅमिक आम्लही बनतं. हा कॉन्जुगेशन असलेला रेणू, आणि त्याचे भाऊबंद आज सनस्क्रीनमध्ये अतिनील किरण शोषायला वापरतात.

कुमरिनचे भाऊबंद तर झगमगणारे निघाले. त्यांच्यावर चालणारे लेझर बनले. आणि १९८९ मध्ये कोडॅक कंपनीच्या टँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओएलईडीच्या थरात कुमरिन गटातला रंग मिसळून तो जास्त चांगला उजळवून दाखवला. मोबाईलच्या स्क्रीनवरून मी पर्किनपर्यंत पोहोचलो तो या वाटेनं.

उतारवयात पर्किननं घेतलेला विषय थेट प्रकाशाचा होता. द्रव पदार्थ चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यातून ध्रुवीकृत प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश सोडला, तर ते प्रतल थोडं फिरतं. हा परिणाम १८४५ मध्ये शोधला होता फॅरेडे यांनी. तेच फॅरेडे, ज्यांना शाळकरी पर्किन ऐकायला जायचा. किती फिरतं यावरून रेणूची रचना ओळखता येते का, यावर पर्किननं असंख्य पदार्थ मोजले, वर्षानुवर्षं. यात पैसा नव्हता, फॅशनही नव्हती.

१९०६ मध्ये मॉव्हला पन्नास वर्षं झाली. पर्किनला सर हा किताब मिळाला, अमेरिकेत त्याच्या नावाचं पदक सुरू झालं आणि पहिलं त्यालाच दिलं. १४ जुलै १९०७ ला त्याचं निधन झालं. त्याचे तिन्ही मुलगे रसायनशास्त्रज्ञ झाले.

मॉव्हची नेमकी रचना मात्र त्याला शेवटपर्यंत कळली नाही. ती उलगडली १९९४ मध्ये, जपून ठेवलेले जुने नमुने आधुनिक यंत्रांत तपासून. शोधानंतर १३८ वर्षांनी! तेव्हा हेही स्पष्ट झालं की मॉव्ह हा एकच रेणू नाही, ते मिश्रण आहे. आणि त्यातल्या मुख्य रेणूंना लागणारा टोल्युइडीन हा घटक पर्किनच्या अनिलीनमध्ये अशुद्धी म्हणून आधीच होता. अनिलीन शुद्ध असतं तर नेमका हा रंग मिळाला नसता.

रिजेक्टेड नावाची फाईल

ही गोष्ट मला इतकी का लागली ते सांगतो.

पहिल्या नोकरीत माझ्याकडे एक काम होतं. ग्राहकांचे पत्ते तपासून नीट करणारा प्रोग्रॅम रोज रात्री चालायचा, आणि जे पत्ते त्याला समजत नव्हते ते रिजेक्टेड नावाच्या फाईलमध्ये टाकायचा. फाईल वाढत गेली. मी ती उघडली नाही. दर आठवड्याला ती आपोआप डिलीट करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि कामात पुढे गेलो.

तीन महिन्यांनी तक्रारी आल्या तेव्हा फाईल पहिल्यांदा उघडली. आत कचरा नव्हता. खेडोपाडीचे पत्ते होते, 'मु. पो.' नं सुरू होणारे. माझ्या प्रोग्रॅमला घर नंबर आणि रस्ता हवा होता. ज्यांच्या गावात रस्त्यांना नावंच नाहीत, त्या माणसांना तीन महिने एकही पत्र गेलं नव्हतं. आजीला मी लहानपणी जी पत्रं लिहिली, त्या प्रत्येकावर मी स्वतः 'मु. पो.' लिहिलं होतं. एकदा फाईल उघडली असती तर पहिल्या ओळीतच ओळखलं असतं.

पर्किनला नशिबानं साथ दिली हे खरंच. अशुद्ध अनिलीन, वेळेवर आलेली फॅशन, पैसा घालणारे वडील, हे सगळं त्याला मिळालं. आणि प्रत्येक फसलेल्या प्रयोगात रंग दडलेला असतो असंही नाही. बहुतेक काळे साके शेवटी काळेच निघतात. पण तो विसळून टाकण्याआधी त्यात थोडं अल्कोहोल घालून बघणं एवढं त्याच्या हातात होतं, आणि ते त्यानं केलं.

जाता जाता एक धागा आपल्याकडचा. पर्किनचा थोरला मुलगा, तोही विल्यम हेन्रीच, मँचेस्टरला प्राध्यापक झाला. त्याचे विद्यार्थी रॉबर्ट रॉबिन्सन. रॉबिन्सन यांच्याकडे मँचेस्टरला शिकले के. वेंकटरामन, जे पुढे मुंबईच्या यूडीसीटीचे, म्हणजे आजच्या आयसीटीचे संचालक झाले, कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावर जगभर वापरला गेलेला ग्रंथ त्यांनी लिहिला, आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले भारतीय संचालक झाले. लंडनच्या त्या माडीपासून पुण्याच्या पाषाण रस्त्यापर्यंत गुरु-शिष्यांची साखळी अशी सरळ येते.

माझ्या आत्ताच्या कामातही एक रिजेक्टेड फाईल आहे. दर सोमवारी सकाळी चहा घेता घेता मी ती उघडतो. बहुतेक वेळा आत खरंच कचरा असतो.